सुडाची भावकी

बिराजदार सर, तुमच्या फोटोवरचा हार अजून वाळला नाही आणि मी सूड घेऊन मोकळी झाले. आधी हे सांगते, मग बाकीचं. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "बाई, सूड कशाला म्हणता? त्याच्या भावकीतला जरा मऊ शब्द बघा की." बघितले, सर. सगळे बघितले. मला हाच पाहिजे.

तुम्ही गेलात त्या सकाळी शाळेच्या फळ्यावर मोठ्या सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘श्री. बिराजदार यांचे दुःखद देहावसान’. मोठे सर म्हणजे आपले मुख्याध्यापक. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. ज्या माणसानं तुमचं नाव पुसलं, त्याचं नाव माझ्या पेनातून उतरणार नाही. आपली सहावीची पोरं त्या फळ्यापुढं उभी राहिली. कोमल म्हणाली, "बाई, देहावसान कोण म्हणतं? कुणाच्या घरात?" कुणाच्याच घरात नाही म्हणत. तुमच्या घरी काकूंनी मला सांगितलं होतं, आमच्यात लिंगैक्य झाले म्हणतात. कोमलच्या वस्तीवर वारले म्हणतात. तबस्सुम म्हणाली, माझी नानी गुजर गये म्हणती. शेवटी पोरांनी ठरवलं, ‘सर गेले’. सकाळपासून बेंबळीच्या रस्त्यावर भेटेल तो माणूस तेवढंच म्हणत होता. मी फळा पुसून ते दोन शब्द लिहिले. मधल्या सुट्टीत मोठ्या सरांनी ते पुसून परत देहावसान केलं. माझं तिथंच ठरलं.

सर, मी या शाळेत आले तेव्हा समानार्थी शब्द म्हणजे माझ्यासाठी पाढे होते. पाणी, जल, नीर, सलिल, उदक. लिहून आणा, पाठ करा, घडाघडा म्हणा. माझी पोरं म्हणायची सुद्धा, आणि मला वाटायचं शब्दसंपत्ती वाढली. मग चाचणीत एका पोरानं लिहिलं, ‘बाबांनी म्हशीला सलिल पाजले’. मी लाल शाईनं गोल करून ते स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. सगळे हसले. तुम्ही तेवढे हसला नाहीत. डब्यातली भाकरी मोडत म्हणालात, "तुमीच सांगितलं ना त्याला, दोन्ही एकच म्हणून? मग त्याचं काय चुकलं?"

मला असा संताप आला होता. दुसऱ्या दिवशी तुमच्या तासाला मागं येऊन बसले, ते तुमचं काहीतरी चुकलेलं सापडावं म्हणूनच.

सापडलं काय, तर भावकी. तुमच्या वर्गात शब्दांना भावकी होती. कुणीही शब्द आणावा, पण मोकळ्या हातानं आणू नये. सोबत साक्ष पाहिजे. हा शब्द कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, कधी म्हणतं. साक्ष पटली की शब्द भावकीत आला. तो सख्खा का चुलत हे भांडून भांडून वर्गानं ठरवायचं. साक्ष नसली तर शब्द वाईट नव्हे, तो पाहुणा. त्यानं ओसरीवर बसावं, कुणीतरी ओळखीचं भेटेपर्यंत. ‘क्षुधा’ बिचारी किती वर्षं तुमच्या ओसरीवर बसून होती. आणि कुणी बिनसाक्षीचा शब्द दामटून आत घुसवायला लागला, तर ओरडायचं नाही, खिदळायचं नाही. सगळ्यांनी एका बोटानं फरशीवर वाजवायचं. हळू. साक्ष मिळेपर्यंत, नाहीतर त्यानं शब्द माघारी घेईपर्यंत.

त्या दिवशी ‘थकणे’ची भावकी चालली होती. दमणे आला, भागणे आला. मग कोमल उठली. तिची आई ऊसतोडीला ढोकीकडं जायची. कोमल म्हणाली, "शिणणे. माझी आई म्हणती. कोयता ठिवला की म्हणती, लई शिणले गं." एका पोरानं विचारलं, दमणे आणि शिणणे वेगळे कसे, दोन्ही एकच की. कोमल म्हणाली, "दमल्यालं माणूस बसलं की बरं होतं. शिणल्यालं माणूस रातभर झोपून सकाळी शिणल्यालंच उठतं." वर्गातलं एकही बोट वाजलं नाही. तुम्ही खडू उचलून ‘शिणणे’ लिहिलं आणि कंसात ‘कोमलची आई’ लिहिलं. मी मागच्या भिंतीला टेकून बसले होते आणि माझे डोळे भरून आले होते. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. तुम्ही उमरग्याकडची साधी माणसं, कौतुक केलं की विषय बदलून पावसापाण्याचं बोलायला लागता.

आणि नियम तुम्हालाही होता, हे मला सगळ्यात आवडलं. एकदा तुम्ही मोठ्या रुबाबात ‘तृषा’ आणलीत. पोरांनी साक्ष मागितली. तुम्ही म्हणालात, पुस्तकात आहे. चाळीस बोटं फरशीवर पडायला लागली. तुम्ही हात जोडून म्हणालात, "माघारी घेतो बाबांनो, बसू द्या तिला ओसरीवर." ‘नीर’ला मात्र तुम्ही छाती फुगवून साक्ष दिलीत, "हा आमच्या घरातला हाय. आमची अव्वा, म्हंजी आई, रोज मला कानडीत नीरु आण म्हणायची." त्यानंतर आठवडाभर पोरं नळावर जाऊन नीर नीर करत होती.

असा तुमचा तास. आणि हा तास मोठ्या सरांनी चोरला.

मी चोरला हाच शब्द वापरते. ‘आधार घेतला’ नाही, ‘प्रेरणा घेतली’ नाही. तुमच्या वर्गात ते कधी पाच मिनिटं सलग बसले नाहीत. दारातून डोकवायचे, भिंतीवरच्या भावक्यांचे मोबाईलवर फोटो काढायचे, जायचे. मग एक दिवस कळलं की नवोपक्रमाच्या स्पर्धेत मोठ्या सरांचा ‘शब्दभावकी’ म्हणून उपक्रम निवडला गेला. सत्कार झाला, शाल मिळाली. त्या शालीसकट फोटो शाळेच्या ग्रुपवर पडला आणि खाली सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. पहिले हात तुमचे होते, सर. मी तो फोन आपटायची बाकी होते.

त्यातही त्यांनी काय केलं होतं, माहीत आहे ना. माणसं काढून टाकली. ‘शिणणे’पुढं ग्रामीण असं लिहून तो शब्दच उडवला. दमणे, थकणे, श्रमणे, क्लांत होणे, अशा रंगीत पाकळ्यांचं फूल केलं. कोमलची आई गेली, तबस्सुमची नानी गेली, तुमची अव्वा गेली. माझ्या म्हशीचं सलिल तेवढं परत आलं.

तुमचं माझं भांडण झालं ते पुढं, दिवाळीच्या सुट्टीनंतर. या उपक्रमाची पुस्तिका काढायची, तालुक्यातल्या सगळ्या शाळांना वाटायची असं मोठ्या सरांनी ठरवलं. तुम्हाला बोलावून म्हणाले, जरा सविस्तर लिहून द्या, माझ्याकडं वेळ नाही. आणि तुम्ही दिलंत. खिचडी शिजवायच्या खोलीबाहेर आपण चहा पीत होतो, तिथं तुम्ही मला हे सांगितलंत, जसा काही शेजाऱ्याला पाटा-वरवंटा दिला.

मी विचारलं, "सगळं लिहून दिलं?"

"दिलं की."

"तुमचं नाव घालणार आहेत?"

"घालतील कुठंतरी. नावाचं काय घेऊन बसलाव बाई. पोरांपर्यंत गेलं म्हंजी झालं."

"पोरांपर्यंत काय जाणार आहे? फुलं जाणार आहेत."

तुम्ही चहा फुंकत राहिलात. मग म्हणालात, "सगळं दिलंय. एक सोडून."

मी ते ऐकलं, पण विचारलं नाही काय सोडलं. मी भडकले होते. मी म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसांमुळं असली माणसं माजतात." ग्लास तसाच कट्ट्यावर ठेवून उठून आले. मागून तुम्ही एवढंच म्हणालात, "बाई, चहा सांडला."

त्यानंतर आपण नीट बोललोच नाही. मी अबोला धरला. तुम्ही तुमच्या पद्धतीनं तह करायला बघत होतात. माझ्या टेबलावर शेंगाच्या चटणीची डबी येऊन बसायची. चटणी मी खायचे, बोलायचे मात्र नाही. माफी मागत नाही हं, सर. राग खरा होता आणि अजून आहे. तुमच्यावरचाही आहे. तुम्ही सरळ सांगायचं होतं ना, की बाई थांबा, जरा डोकं वापरा. ती डबी अजून माझ्याकडं आहे. काकूंकडं रिकामी न्यायची नाही म्हणून राहिली आहे.

आता शोकसभा. ती शनिवारी सकाळची शाळा संपल्यावर व्हरांड्यात झाली. विस्तार अधिकारी मॅडम आल्या होत्या. मोठ्या सरांनी त्या निमित्तानं पुस्तिकेचं प्रकाशनही ठेवलं होतं. ‘बिराजदार सरांना श्रद्धांजली म्हणून’ असं वर म्हणाले. एका हारात दोन कामं. टेबलावर तुमचा फोटो, शेजारी लाल फितीत बांधलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा. खुर्च्यांवर पाहुणे, खाली शहाबादी फरशीवर पोरं. काकू यायला तयार नव्हत्या, मीच हाताला धरून आणलं.

मी एवढंच केलं, सर. सहावीला सगळ्यात पुढं बसवलं. सतरंजी सातवीला दिली. सहावीला मोकळी फरशी ठेवली. एका अक्षरानं कुणाला काही शिकवलं नाही, तुमची शपथ. पण फरशी मोकळी ठेवताना माझ्या मनात काय होतं, ते मला माहीत होतं. त्याला मी योगायोग म्हणणार नाही.

मोठे सर बोलायला उठले. तुमच्या मनमिळाऊ स्वभावावर बोलले, निरागस, निर्मळ, निष्पाप, निष्कपट अशी एकाच भावकीतली माणसं ओळीनं उभी केली. मग पुस्तिका हातात घेतली आणि म्हणाले, "शब्दभावकी ही माझी संकल्पना. गाडीवरून शाळेला येता येता एके दिवशी मला ती सुचली. बिराजदार सरांनी त्यात खारीचा वाटा उचलला."

खारीचा. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांचा दुसरा हात माझ्या हातात होता.

तेवढ्यात पुढून आवाज आला. टक. कोमलचं बोट. मग तबस्सुमचं. मग रांग, मग सगळी सहावी. हळू, एका तालात, कुणी इकडं तिकडं बघत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. मोठे सर थांबले. बोटं थांबली नाहीत. त्यांनी डोळे वटारले. बोटं चालूच. मॅडमनी खुर्चीतून वाकून विचारलं, "हे काय चाललंय सर?"

आणि बघा, त्या माणसाला नुसतं ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. पण जे दिसेल ते आपलं म्हणायची सवय लागली की ती जीभ ऐकत नाही. ते हसून म्हणाले, "ही आमच्या शाळेची आदरांजलीची पद्धत आहे मॅडम. मीच बसवली आहे."

बोटं दुप्पट जोरात पडायला लागली. आता साक्ष नसलेल्या गोष्टी दोन झाल्या होत्या.

मॅडम शहाण्या. त्यांनी कोमलला विचारलं, "बाळ, तू का वाजवतेस?"

कोमल उभी राहिली. "साक्ष मागाय लागलोय, मॅडम."

"कशाची?"

"मोठे सर म्हणले, भावकी माझी हाय. कुणाला सांगितली, कवा सांगितली, कोण हुतं तिथं, त्ये न्हाय सांगितलं. आणल्यालं असंल तर साक्ष द्यायची असती. नसंल तर माघारी घ्यायचं. तवर आमी वाजवतो. बिराजदार सरांचा पयला नियम हाय त्यो."

मॅडमनी पुस्तिका उघडली. पहिल्यापासून चाळली. शेवटापासून चाळली. पोरं वाजवत होती. त्या म्हणाल्या, "सर, ही मुलगी म्हणते हा पहिला नियम. तुमच्या पुस्तकात तर तो कुठंच नाही."

मोठ्या सरांनी खिशातून रुमाल काढला. "छपाईत राहून गेला असेल मॅडम."

तेव्हा मला कळलं, सर. तिथं, काकूंचा हात धरून बसले असताना मला कळलं, की सगळं दिलंय एक सोडून, ते एक काय होतं. तुम्ही पानंच्या पानं लिहून दिलीत, भावक्या दिल्या, सख्खे-चुलत दिले, ओसरी दिली. साक्ष दिली नाहीत. गरीब गाय म्हणून मी ज्यांच्यावर चिडले होते, त्या माणसानं चहा फुंकता फुंकता पाचर मारून ठेवली होती. तुमच्या वर्गात एक तास बसलेल्या माणसाला ती चूक लगेच दिसली असती. मोठे सर कधी बसलेच नव्हते. मला रडू यायला पाहिजे होतं आणि मी भर शोकसभेत हसले. लोकांनी बघितलं. बघू दे.

मॅडम पुस्तिका गठ्ठ्यावर परत ठेवत म्हणाल्या, "प्रकाशन आत्ता राहू द्या. आधी मला सहावीचा तुमचा तास बघायचाय. सोमवारी येते." मोठे सर म्हणाले, "मॅडम, ते... कल्पना आमच्या सगळ्यांचीच..." बोटं चालूच होती. शेवटी ते माईकमध्ये, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बिराजदार सरांची कल्पना." तेव्हा कुठं फरशी शांत झाली. काकूंनी मला विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, "माघारी घेतलं, काकू."

सोमवारी मोठे सर आले नाहीत. वैद्यकीय रजा आहे, रक्तदाब वाढलाय म्हणे. वाढू दे. मला दया येत नाही. तुम्ही असता तर विचारपूस करायला मोसंबी घेऊन गेला असता, मला माहीत आहे. म्हणूनच हे काम माझ्याकडं आलं. लाल फितीतला गठ्ठा स्टाफरूमच्या कपाटावर पडून आहे. त्यावर धूळ बसते ती मी रोज बघते आणि झाडणाऱ्या मावशींना सांगते, तेवढं राहू द्या.

तास मात्र झाला, मॅडम मागं बसल्या होत्या. मी घेतला. फळ्यावर शब्द लिहिला, ‘सूड’. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मग लागले आणायला. एकानं ‘बदला’ आणला. साक्ष, मामा, पिच्चर बघताना. तबस्सुमनं ‘खुन्नस’ आणली, पण वर्ग म्हणाला, खुन्नस नुसती मनात असते, सूड करावा लागतो, ती चुलत. कोमलनं ‘वचपा’ आणला. साक्ष, आजी, चुलतीशी भांडण झालं की म्हणती, वचपा काढीन. ‘पारिपत्य’ कुणीतरी पुस्तकातून आणलं आणि त्याला ओसरीवर क्षुधेशेजारी बसवलं.

मग मी म्हणाले, मी पण एक आणते. ‘उट्टं’. उट्टं काढणे.

बोटं वाजायला लागली. मी बाई आहे म्हणून त्यांनी सोडलं नाही, तुम्हीच तसं शिकवलंत.

मी म्हणाले, "साक्ष मी. शनिवारी, व्हरांड्यात, मनातल्या मनात म्हणाले." बोटं जरा हळू झाली, पण थांबली नाहीत. कोमल म्हणाली, "बाई, मनातल्या मनातलं कसं चालंल? दुसरं कुणी हाय का?"

मी फळ्याकडं वळले. ‘उट्टं’ लिहिलं, आणि कंसात लिहिलं, ‘बिराजदार सर’.

"कवा म्हणले?" कोमलनं विचारलं.

"म्हणाले नाहीत," मी म्हणाले. "करून गेले."

कोमलनं तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. मग तिनं फरशीवरचं बोट उचललं. तिच्यामागून सगळ्यांनी उचललं.